अर्ध्या विहिरीचा सवाल

कुरणवाडीत चंदनाक्का मगदूम क्षमा मागायला निघाली असं कळलं की निम्मं गाव मागल्या दारानं बाहेर पडतं. क्षमा मागणाऱ्या बाईला एवढं काय भ्यायचं, असं परक्या माणसाला वाटेल. त्याचं कारण असं, की चंदनाक्का स्वतःच्या चुकीची क्षमा क्वचितच मागते. ती मागते दुसऱ्याच्या चुकीची, त्या दुसऱ्याच्याच दारात उभं राहून, हात जोडून, आणि आवाज असा की चार घरं पलीकडची बाई मिक्सर बंद करून कान देते.

रेशन दुकानदार केरबाला विचारा. एकदा त्यानं म्हाताऱ्या धोंडुबाईच्या पिशवीत तांदूळ कमी टाकले. दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीत चंदनाक्का त्याच्यासमोर उभी.

"केरबा, काल धोंडुबाईला माप कमी पडलं. मी बघत हुतो आणि गप बसलो. माझ्या हातनं पाप झालं, क्षमा असावी."

"आवो आक्का, तुमचा काय संबंध?"

"संबंध न्हाय कसा? मापणाऱ्याचं निम्मं पाप, बघणाऱ्याचं निम्मं. माझं निम्मं मी फेडायला आलोय. तुमचं तुमी बघा."

एवढं बोलून ती वाकायला लागली, तसा केरबा काउंटरवरनं उडी मारून बाहेर आला. पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं आपल्या पाया पडावं आणि गावानं ते बघत राहावं, यापरीस माप वाढवलेलं परवडलं. त्या दिवसापासून केरबाच्या काट्याला कुणी नाव ठेवलेलं नाही.

हे तिच्या डोक्यात भरवलं कुणी, तर धर्मानं. शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठाला जैनांची घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ऊस, दुभती जनावरं, थोडा व्यापार, आणि गावाच्या मध्यावर देऊळ, ज्याला इकडं बस्ती म्हणतात. भाद्रपदात दहा दिवसांचं पर्युषण असतं आणि ते संपलं की क्षमावाणी. वर्षभरात ज्याला दुखवलं असेल त्याच्या घरी जायचं आणि क्षमा मागायची, अशी चाल. चाल फार चांगली आहे, पण माणूस चालीपेक्षा हुशार. त्या दिवशी सगळं गाव नेमकं त्यांचीच क्षमा मागत फिरतं ज्यांच्याशी कधी वाकडं आलेलं नाही. मोबाइलवर फुलांचं चित्र पाठवायचं, मेव्हण्याला मिठी मारायची, चहा घ्यायचा. बांधावरनं ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्याचं घर तेवढं गल्ली बदलून टाळायचं. चंदनाक्का लग्न होऊन आली ती सीमेपलीकडनं, चिकोडीच्या अंगाकडनं. तिला ही युक्ती कुणी सांगितलीच नाही. तिनं क्षमेचा सरळ अर्थ घेतला, आणि एकदा घेतलेला अर्थ ती सोडत नाही. राग आला की ती कानडीत सुरू होते आणि मराठीत संपवते, आणि तेवढ्या वेळात समोरचा माणूस दमून जातो.

उंचीनं बेताची, अंगानं भरलेली, डोक्यावर पदर आणि बुडाखाली स्कूटी. स्कूटी ती चाळिशी उलटल्यावर शिकली. ब्रेकपेक्षा तिचा हॉर्नवर भरवसा जास्त. हसू तिला फार लवकर येतं, आणि नको तिथं येतं. एकदा बस्तीत मंत्र चाललेले असताना पुजाऱ्यांच्या, म्हणजे उपाध्यांच्या, नाकावर एक माशी येऊन बसली. दोन्ही हातांत पूजेचं साहित्य, त्यामुळं उपाध्यांना ती हाकलता येईना. ते नाक हलवत राहिले, माशी बसून राहिली. चंदनाक्का अशी हसली की बायकांची सगळी बाजू हसायला लागली, आणि उपाध्यांना मंत्र पहिल्यापासून म्हणावे लागले. तिचा नवरा अभिनंदन तिच्या अगदी उलट. कुणीतरी त्याला विचारलं, "तुमी घरात बोलत न्हाई व्हय?" तो म्हणाला, "जागाच न्हाय."

मागं एकदा कुणाच्या तरी मोबाइल स्टेटसवरनं तालुक्याची हवा तापली. कुरणवाडीत मुसलमानाचं दुकान एकच, पंक्चर काढणाऱ्या दस्तगीरचं, आणि पोरं त्याच्यासमोर जमायला लागली. चंदनाक्कानं भजनी मंडळ उठवलं, दस्तगीरच्या शटरसमोर सतरंजी टाकली आणि णमोकार मंत्राचा जप सुरू केला. जगातल्या सगळ्या साधूंना नमस्कार आहे ह्या मंत्रात, त्यातनं कुणाला वगळलेलं न्हाय, असं ती मध्येमध्ये पोरांना समजावून सांगत होती. जप काही संपेना. जमलेल्या पोरांतली निम्मी त्या सतरंजीवरच्या बायकांचीच. भूक लागल्यावर एकानं दबक्या आवाजात विचारलं, "आये, भाकरी?" आई जप न थांबवता म्हणाली, "दस्तगीरचं शटर सुखरूप, तर भाकरी." हळूहळू चौक मोकळा झाला. तेव्हापासून दस्तगीर तिच्या स्कूटीत फुकट हवा भरतो, ती नको नको म्हणते, आणि ह्या ओढाताणीत चाक एकदा फुटलंय.

पण ह्या झाल्या किरकोळ चकमकी. खरी पंचाईत होती विहिरीची, आणि विहीर घरातली होती.

मगदुमांच्या मळ्यात जुनी दगडी विहीर आहे. निम्मी थोरल्या भावाची, वर्धमान आण्णांची, आणि निम्मी अभिनंदनची. बस्तीतल्या मूर्तीच्या अभिषेकाला पाणी ह्याच विहिरीचं. मोटारीचं पाणी त्याला चालत नाही. ते दोरानं ओढायचं, दुहेरी फडक्यानं गाळायचं, आणि फडक्यात राहिलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव पुन्हा हळूच त्याच विहिरीत सोडायचे, म्हणजे कुणाचा प्राण जायला नको. एवढी काळजी. आणि एवढ्या काळजीच्या विहिरीला वर्धमान आण्णांनी तारेचं कुंपण घालून फाटकाला कुलूप ठोकलेलं. कारण दर हंगामात मळ्याच्या खालच्या अंगाला ऊसतोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडतात.

तोडकरी येतात बीडकडनं. त्यांच्या बायका पहाटेपासून ऊस तोडतात, मोळ्या डोक्यावरनं ट्रॅक्टरात चढवतात, आणि मग पाण्याचा कॅन घेऊन गावातल्या नळापर्यंत पायपीट करतात. विहीर हाकेच्या अंतरावर. आंघोळीचा आडोसा म्हणजे चार काठ्यांना गुंडाळलेली जुनी साडी. वर्धमान आण्णा काही वाईट माणूस नव्हेत. पर्युषणात कडक उपवास करतात, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून खाली बघून चालतात. आता खाली बघून चालणाऱ्याला समोरचं दिसत नाही, त्याला कोण काय करणार.

गेल्या हिवाळ्यात चंदनाक्का मळ्यात गेली, तर टोळीतल्या तानाबाईची सून फाटकापाशी उभी. नुकती बाळंत झालेली, तान्हं खांद्यावर. ती कुलूप हलवून बघत होती. चंदनाक्काला पाहताच ती पटकन मागं सरली आणि म्हणाली, "पाण्याला शिवले न्हाई, आक्का. नुसता कुलपाला हात लावला."

चंदनाक्काला तिथंच रडू फुटलं. ती रडत रडत कोप्यांपाशी गेली आणि तानाबाईचा हात धरून म्हणाली, "पुढल्या हंगामाला ही विहीर उघडी असंल. देवाच्या पायाची शपथ."

तानाबाई हसली. चिडून नव्हे, चांगलं मनापासून हसली. "आक्का, दर गावात एक बाई आसं म्हणतीच. आम्ही ऐकून घेतो अन् कॅन उचलितो."

हे बोलणं चंदनाक्काला जे लागलं ते लागलंच. दर गावातली एक बाई व्हायचं नव्हतं तिला. जन्मभर क्षमा आणि अहिंसा तोंडानं घोकली, आणि आपल्याच विहिरीच्या दारातनं ओली बाळंतीण कोरडी परत गेली, तर मग बस्तीत जाऊन नुसती घंटाच वाजवायची की काय?

ती आण्णांकडं गेली. "आण्णा, पाण्यातला न दिसणारा जीव आपल्याला दिसतोय. घागर घिऊन हुबारलेली बाई कशी दिसंना?"

"ते वेगळं, चंदना."

"काय वेगळं?"

"ते शास्त्र हाय. हे पाणी देवाचं. पन्नास लोकांचे हात लागले तर अभिषेकाला काय उरलं? ट्रस्टच्या मीटिंगात घिऊ."

ट्रस्टचे अध्यक्ष आण्णाच. मीटिंग त्यांनीच बोलवायची, आणि ते बोलवत नव्हते. मग तिनं आपलं ठेवणीतलं हत्यार काढलं. पण आण्णा म्हणजे केरबा नव्हते. ती वाकायला लागली की ते शांतपणे "धर्मवृद्धी होवो" म्हणायचे आणि पुढची फाइल उघडायचे. उन्हाळा गेला, पावसाळाही निम्मा सरला, कुलूप जागच्या जागी. तोडकऱ्यांच्या टोळ्या ठरायला लागल्या होत्या.

अशात अनंत चतुर्दशी आली.

पर्युषणाचा हा शेवटचा दिवस. बस्तीत मोठा अभिषेक होतो, आणि पहिला कलश कुणी घालायचा यासाठी सवाल निघतो. सवाल म्हणजे बोली. जो चढी बोली बोलेल त्याच्या घराला मान. उपाध्ये तीनदा पुकारतात, आणि देवासमोर बोललेला सवाल मागं घेता येत नाही. रक्कम ट्रस्टला जाते, पण खरं सांगायचं तर रक्कम ही नुसती सबब. खेळ असतो ईर्षेचा. कोल्हापूर जिल्ह्यातला माणूस ईर्षेला पेटला की त्याला बायको, डॉक्टर आणि बँक मॅनेजर यांपैकी कुणीही आवरू शकत नाही. पहिला कलश कायम मगदुमांचा, आणि तो आपल्याकडं ओढण्यासाठी वृषभ चौगुले कायम टपलेला. ह्या वृषभचं जयसिंगपुरात हार्डवेअरचं मोठं दुकान, आणि आण्णांशी त्याचं नातं असं की दोघं एकाच वेळी बस्तीत शिरले तर दारात अडकतात.

सवाल सुरू झाला. आण्णा बोलले, वृषभ बोलला, आण्णा चढले, वृषभ चढला. आणि बायकांच्या बाजूनं आवाज आला, "अर्धी विहीर."

खरं तर चंदनाक्कानं हे ठरवलेलं नव्हतं. ती सांगते, की मी उभी कधी राहिलो ते माझं मलाच कळलं न्हाय, गुडघे आपोआप उठले.

उपाध्ये म्हणाले, "आक्का, रुपयांत बोला."

"देवानं अंगावरचं वस्त्रसुद्धा सोडलंय. रुपये ठेवणार कुठं?" चंदनाक्का म्हणाली. "अर्धी विहीर. येत्या हंगामापासनं, तोडकऱ्यांस्नी, कुलूप काढून."

आण्णांनी मान न वळवता सांगितलं, "चंदना, खाली बस. विहीर तुझी न्हाय."

सगळ्यांच्या माना अभिनंदनकडं वळल्या. तो खांबाला टेकून बसला होता. तो सावकाश उठला, धोतर सारखं केलं. "अर्धी आमची हाय की," म्हणाला, आणि खाली बसला. चारचौघांत त्यानं केलेलं हे आजवरचं सगळ्यात मोठं भाषण. चंदनाक्का नवऱ्याकडं अशी बघायला लागली, जणू हे स्थळ आजच दाखवायला आणलंय.

पण आण्णाही कसलेले. ते हसले. "अर्धी विहीर उघडणार कशी? कुलूप एकच हाय."

माणसं खो खो हसली. चंदनाक्काचा चेहरा पडला, आणि क्षणभर वाटलं, संपलं, तानाबाई म्हणाली तेच खरं.

तेवढ्यात वृषभ चौगुलेनं संधी हेरली. त्याला तोडकऱ्यांशी घेणंदेणं नव्हतं. त्याला एवढंच दिसलं, की रुपयांचा खेळ बाजूला पडलाय आणि हार्डवेअरचा सुरू झालाय. "माझा सवाल ऐका," तो गरजला. "तोडकरी बायकांस्नी दोन न्हाणीघरं. पक्की दारं, आतनं कडी."

आणि मग जे झालं त्याला काही ताळतंत्र राहिलं नाही. कोपऱ्यातनं बयाबाई चौगुले म्हणाली, संडासाची भांडी आमच्याकडनं. तिच्या पुढ्यातल्या बाईला ते सहन झालं नाही, तिनं सोलरची लाईट बोलली. कुणी वरचा पत्रा, कुणी लेकरांना हंगामभर दूध. एकानं जोशात येऊन गीझर बोलला. ऊसतोडीला गीझर कशाला, म्हणून बायकोनं त्याला चिमटा काढला, तर तो कळवळून म्हणाला, "दोन गीझर." उपाध्ये घामाघूम. अर्धी विहीर मोठी की दोन न्हाणीघरं, न्हाणीघर मोठं की दूध, हे कुठल्या शास्त्रात बघायचं? ते डाव्या बाजूला हात करून "चढतोय, चढतोय" म्हणत, तोवर उजवी बाजू चढलेली असे. चंदनाक्का हसत होती, रडत होती, आणि शेजारणीच्या पदराला नाक पुसत होती.

शेवटी वृषभनं दोन्ही हात वर केले. "गप बसा सगळे. न्हाणी, संडास, पत्रा, लाईट, दूध, सगळं मिळून चौगुले गल्लीचा एकच सवाल. आता बोला."

उपाध्यांनी कपाळ पुसलं. "चौगुले गल्लीचा सवाल. एक वार."

आण्णांनी वृषभकडं बघितलं.

"दोन वार."

वर्धमान आण्णांच्या डोळ्यांपुढं काय आलं असेल ते सांगायला नको. पहिला कलश वृषभच्या हातात. आणि त्या कलशात पाणी कुठलं, तर मगदुमांच्या विहिरीचं. आण्णा ताडकन उठले. "अख्खी विहीर," ते ओरडले. "कुलूप काढून, हंगामभर. हाय कुणाची दुसरी विहीर? बोला फुडं."

विहीर कुणाचीच नव्हती. उपाध्यांनी "तीन वार" इतक्या चपळाईनं म्हटलं, की एरवी नमस्काराला वाकलं तरी कंबर धरणारा हा माणूस, ह्याच्या जिभेत एवढी ताकद कुठनं आली, असं सगळ्यांना वाटलं. घंटा वाजली. वृषभचं तोंड एवढंसं झालं, कारण हरलेला सवाल बाद होतो. पण चंदनाक्का खाली बसलीच नव्हती.

"वृषभदादा, दुसऱ्या कलशाचा सवाल राहिलाय की."

दुसरा कलश न्हाणीघरांना गेला, तिसरा संडासाला, चौथा दुधाला. मानाचे कलश संपले तरी सवाल संपेनात. शेवटी गीझरवाल्यासाठी उपाध्यांनी स्वतःच्या घरनं तांब्या मागवला.

ईर्षा उतरली की माणसाला हिशेब सुचतो. घरी जाऊन डोकं थंड झाल्यावर आण्णांच्या ध्यानात आलं, आपण काय बोलून बसलो ते. सवाल फिरवता येत नाही, पण वळवता येतो. त्यांनी प्लंबरला निरोप धाडला. पाणी पाइपनं बाहेर काढायचं, तोटी लांब बांधावर बसवायची, आणि कुंपण तसंच ठेवायचं. पाणी दिलं की नाही? दिलं. मग कुणी आत यायचं कारण काय?

क्षमावाणीच्या सकाळी चंदनाक्का त्यांच्या बाहेरच्या सोप्यात हजर. ह्या खेपेला ती वाकली नाही.

"आण्णा, तुमाला न विचारता देवासमोर विहिरीचं बोललो. माझी चूक, क्षमा असावी."

"धर्मवृद्धी होवो," आण्णा म्हणाले.

"आणि तोटी बांधावर काढायचं तुमच्या मनात आलंय. त्याचीबी क्षमा मी देवाकडं मागून आलोय. तुमच्या वतीनं."

आण्णांनी पेपर खाली ठेवला. "माझी क्षमा तू कशी मागतीस?"

"तुमाला सवड न्हवती म्हणून."

आण्णा चिडले. सवाल पाण्याचा होता, कुंपणाचा नव्हता, असं बरंच बोलले. तेवढ्यात त्यांच्या बायकोनं, रोहिणीवैनींनी, चहा आणून ठेवला आणि सहज सांगितल्यासारखं सांगितलं, "कुंपण आणि फाटक मी भंगारवाल्याला दिलं. कुलपासकट."

"काय?"

"गंजलंतं. तुमी देवासमोर बोललासा, ते मी ऐकलं. मला वाटलं, मनापासनं बोललासा."

चंदनाक्कानं जावेचा हात धरला, आणि दोघींना हसू फुटलं ते आवरेना. आण्णा चहा न घेता उठून गेले. तोटीचं पुढं त्यांनी काही काढलं नाही, पण विहिरीकडं ते फिरकलेही नाहीत.

दिवाळीच्या सुमारास टोळ्या आल्या. तानाबाईनं न्हाणीघराचं दार उघडून बघितलं, मिटून बघितलं, आतनं कडी लावली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. सुनेनं हाक मारली तर आतनं म्हणाली, "थांब की. कडी लागलीय." पण विहिरीवर जाताना बायका आधी इकडंतिकडं बघायच्या. मळ्यात आण्णांची गाडी दिसली की घागरी घेऊन माघारी फिरायच्या. विहिरीचं कुंपण गेलं होतं, बायकांच्या मनातलं तसंच उभं होतं. चंदनाक्का रोज विहिरीवर जाऊन बसायची, आणि हे बघून तिचा जीव तुटायचा. असं भीत भीत घेतलेलं पाणी, ते काय दिलेलं वचन?

कार्तिकात बस्तीत आठ दिवसांची मोठी पूजा बसते. पहिल्या कलशाचा मान आण्णांचा, म्हणून पहिल्या दिवशीचं पाणी त्यांनी स्वतः ओढून न्यायचं. त्या सकाळी शेतीची लाईट नव्हती, मोटार बंद, त्यामुळं सगळ्या बायका दोर-कप्पीशी रांगेत उभ्या होत्या. चंदनाक्का दोर ओढू लागत होती. तिनं वर पाहिलं, तर बांधावरनं आण्णा येत होते. ओलेत्या सोवळ्यानं, हातात चांदीचा कलश, खांद्यावर गाळायचं फडकं. आता हे नुसतं "बाजूला व्हा" म्हणाले तरी बायका पांगतील, आणि मग पुन्हा कधी ह्या दगडावर पाय ठेवायच्या नाहीत.

तानाबाईनं आपली घागर मागं घेतली. "या आण्णा, देवाचं हाये. तुमी पुढं व्हा." बायका पटापट सरकल्या. कप्पीपर्यंत वाट मोकळी झाली.

आण्णांनी खालची नजर वर केली, मोकळी वाट बघितली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना मागं घेतलेल्या घागरी बघितल्या.

"न्हाय," आण्णा म्हणाले. "नंबरानं."

आणि ते रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले. त्यांच्यापुढं तानाबाईची सून होती, बाळ कडेवर. आण्णांच्या सोवळ्याला आपला स्पर्श होऊ नये म्हणून तिनं साडी गोळा करून घेतली, खांदे आवळले, होती त्याच्या निम्मी झाली. आण्णांना ते दिसलं. "नीट हुबी ऱ्हा, पोरी. अंग चोरू नको."

चंदनाक्काचा फोन वाजला. बस्तीतनं उपाध्ये. "आक्का, पूजा खोळंबली. आण्णा कुठं हायत?"

"रांगंत हायत."

"कसल्या रांगंत?"

तिला हसू आणि हुंदका एकदमच आला. तिनं फोन तसाच पदरात गुंडाळला.

रांग पुढं सरकली. सुनेनं घागर भरून घेतली आणि आण्णांचा नंबर आला. त्यांनी स्वतः दोर ओढला. पण पाणी गाळायचं तर फडकं धरायला दुसरं माणूस लागतं, आणि आज ते एकटेच आले होते. आण्णांनी इकडंतिकडं पाहिलं नाही. समोर जी उभी होती तिच्यापुढंच त्यांनी फडक्याचं टोक केलं.

"धर जरा."

तिनं बाळ सासूकडं दिलं, हात साडीला पुसले आणि टोक धरलं. असं फडकं धरायची तिला सवय नव्हती, म्हणून ते जरा हललं आणि थोडं पाणी बाहेर सांडलं. ती घाबरून आण्णांकडं बघायला लागली.

"सांडू दे," आण्णा म्हणाले. "विहीर मोठी हाय."